खोली नंबर दोनची सत्तेचाळीस मिनिटं

"मेघाबेटी, फोन बंद नको ठेवू. मी तुन्हा फोनवर मझार जास, बोर्डवर नही."

हे वाल्मीकनाना मला म्हणाले होते. मझार म्हणजे आत. मी बोर्ड बघून नाही, तुझ्या फोनच्या भरवशावर आत जातो, असं त्यांना सांगायचं होतं.

मी हसले होते. म्हटलं, "नाना, मी बाळंतपणाला चाललेय, सैन्यात नाही. फोन चालूच असेल."

हे जानेवारीतलं बोलणं. मार्चमध्ये नाना गेले.

पुढे जे लिहितेय त्यातलं काहीही मी रचलेलं नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मला राग नाही. कंपनीचं नाव लिहिणार नाही, कारण वकिलाला द्यायला माझ्याकडे पैसे नाहीत. आणि एक सांगते. यात रात्र कुठेच नाही. जे झालं ते भर दुपारी, एक वाजून बारा मिनिटांनी... रोज.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

जळगावात आमचं छोटं ऑफिस आहे. हितेंद्र सर, मी, राजदीप आणि अजून एक जण. शीतगृहांतल्या सर्व्हरवर लक्ष ठेवायचं, एवढंच काम. फैजपूर पट्ट्यातली केळी परदेशी जाते ना, ती जाईपर्यंत हिरवी राहावी म्हणून बंद खोल्यांत ठेवतात. त्या खोल्यांतला ऑक्सिजन मशीनने मुद्दाम कमी करतात. एकवीसवरून चारपर्यंत. केळी झोपते. माणूस आत गेला तर तोही झोपतो, फक्त उठत नाही.

म्हणून प्रत्येक खोलीबाहेर एक बोर्ड असतो. आतला ऑक्सिजन किती, ते त्यावर दिसतं. हिरवा आकडा म्हणजे आत जा, लाल म्हणजे थांबा. हा आकडा तिथल्या सर्व्हरवरून येतो आणि दर मिनिटाला आमच्याकडेही पोचतो.

कधीकधी सर्व्हरवरचा डेटा गोळा करणारा प्रोग्रॅम अडकतो. मग बोर्डवर दोन आडव्या रेघा यायच्या, माझा फोन किंचाळायचा, आणि मी दोन मिनिटांच्या आत फैजपूरच्या खोल्या सांभाळणाऱ्या नानांना फोन लावायचे.

"नाना, आत जाऊ नका. आकडा थांबलाय."

"बरं बेटी. मी बिडी वढस तवलोंग."

तोवर ते बाहेर बिडी ओढायचे. दोन वर्षं हे असंच चालू होतं. नाना मूळचे आमच्या धुळ्याकडचे, म्हणून माझ्याशी अहिराणीत बोलायचे. मला ते फार गोड वाटायचं. एकदाही आम्ही भेटलो नव्हतो, तरी.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी धुळ्याला देवपुरात आईकडे आले. ओजू झाली. सुट्टी मिळाली सव्वा महिना. सर म्हणाले, "घरूनच कर मेघा, नुसतं बघायचं तर असतं." मग झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला आणि लॅपटॉप मांडीवर, असं सुरू झालं.

ओजू दिवसातून एकदाच नीट झोपायची. दुपारी एक ते तीन.

आणि फैजपूरचा प्रोग्रॅम त्याच वेळात दोन-तीनदा अडकायचा. तीन-चार मिनिटांसाठी. फोन किंचाळायचा, ओजू दचकून उठायची, मग संध्याकाळपर्यंत रडायची. आई म्हणायची, "फेकून दे तो फोन. पोरीपेक्षा केळी जास्त झाली का तुला?"

एके दिवशी मी दोन गोष्टी बदलल्या.

एक ते तीन, 'डेटा नाही' हा इशारा मुका केला.

आणि बोर्डसाठी लिहिलं, डेटा थांबला तर रेघा दाखवू नकोस, शेवटचा आकडा धरून ठेव.

म्हणजे चार मिनिटं डेटा थांबला तर रेघा बघून मला कोणी फोन लावणार नाही, कोणाला कळणारही नाही. मला वाटलं, चार मिनिटांत काय होतंय.

नानांना सांगायचं राहून गेलं.

तो मार्चमधला मंगळवार. ओजू झोपली. तिच्याबरोबर मीही झोपले. जागी झाले ती फोनच्या आवाजाने. एक एकोणसाठ. स्क्रीनवर खोली नंबर दोन लाल झाली होती. ऑक्सिजन ४.१.

मागे जाऊन बघितलं. एक बारापासून डेटाच नव्हता. प्रोग्रॅम अडकला होता आणि सत्तेचाळीस मिनिटांनी आपोआप सुरू झाला होता. एक बाराला खोली उघडी होती, माल भरणं चालू होतं. तेव्हाचा आकडा २०.८. तोच आकडा बोर्डवर सत्तेचाळीस मिनिटं हिरवा राहिला. त्या वेळात दार लागलं, मशीन सुरू झालं, ऑक्सिजन उतरत गेला.

मी नानांना फोन लावला. वाजला. पुन्हा लावला. वाजला.

तो फोन खोलीच्या आत वाजत होता, हे मला नंतर कळलं.

आकडा खाली का येत नाही, मशीन बंद पडलं की काय, हे बघायला नाना आत गेले होते. हातात धरायचं ऑक्सिजनचं मीटर महिनाभर दुरुस्तीला गेलं होतं. बोर्ड हिरवा होता. आणि माझा फोन आला नव्हता.

संध्याकाळी हितेंद्र सरांचा फोन आला. आवाज एकदम शांत.

"मेघा, ते सत्तेचाळीस मिनिटांचं भोक भरून टाक."

आमच्याकडे हे नेहमीचं होतं. महिन्याच्या अहवालात मधे भोकं दिसली की गिऱ्हाईक बोंबलतं. मग दोन-चार मिनिटांचे आकडे आजूबाजूचे बघून भरायचे. मला वाटलं, सर तसंच म्हणतायत.

"२०.८ भरू?"

"वेडी आहेस का? खाली येताना दाखव. एकवीसवरून चार. डेटा येत होता, बोर्ड लाल होता. तरी माणूस आत गेला, त्याला आपण काय करणार?" मग म्हणाले, "सेटिंग कोणी बदललं होतं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला लहान मूल आहे."

मी भरले. ओजूला पाजता पाजता एका हाताने भरले. २०.८, १९.९, १८.७... खरे आकडे कधी सरळ रेषेत उतरत नाहीत, म्हणून मधेच एखादा थोडा वर चढवला. इतकी सफाई मला आली कुठून, माहीत नाही.

अहवालात लिहिलं गेलं, कर्मचाऱ्याचा स्वतःचा निष्काळजीपणा.

खोली दोनचा सर्व्हर काढून जळगावच्या ऑफिसात आणला आणि कपाटात ठेवला. त्यातली डिस्क सरांनी स्वतः काढून नेली. तिथे नवा सर्व्हर बसला. मला वाटलं, संपलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, ओजू झोपलेली. मी स्क्रीनकडे बघत होते. आता मी झोपत नव्हते. डोळाच लागत नव्हता.

एक वाजून बारा मिनिटांनी यादीत सगळ्यात खाली एक नाव उजळलं...

खोली दोन, जुना.

२०.८.

पुढच्या मिनिटाला २०.१. मग १८.९.

डेटा थांबला तर काय बघायचं, हे मला पाठ होतं. मशीन चालू आहे का, नेट आहे का, प्रोग्रॅम चालू आहे का, डिस्क भरली का, घड्याळ बरोबर आहे का. पण डेटा येतोय, आणि तो यायलाच नको... तेव्हा काय बघायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तरी बघितलं. दुसऱ्या कुठल्या सर्व्हरला चुकून तेच नाव दिलं गेलं का? नव्हतं दिलं. नेट नसताना साठून राहिलेला जुना डेटा आता सुटला का? तसं होतं कधीकधी. पण प्रत्येक आकड्यावर आजची तारीख होती. तो कुठून येतोय ते बघितलं, तर पत्त्याची जागा कोरी.

एक एकोणसाठला ४.१ आला आणि सगळं थांबलं. बरोबर सत्तेचाळीस मिनिटं.

मी भरलेल्या आकड्यांशी त्यातला एकही जुळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी फक्त ऑक्सिजन नाही, बाकीचे रकानेही उघडले. खोलीच्या दारालाही एक सेन्सर असतो. उघडं की बंद, एवढंच तो सांगतो, दार हललं की त्याच क्षणी. दार जड, सोडलं की आपोआप लागतं. त्या रकान्यात एक एकवीसला लिहिलेलं होतं, उघडं. एक बावीसला, बंद.

मग एक तेवीसपासून...

बंद. उघडं. बंद. उघडं. बंद. एका सेकंदात दोनदा, तीनदा. दार कोणी नीट उघडत नव्हतं. ते नुसतं हलत होतं. चार मिनिटं हलत होतं.

आतून.

मग बंद. शेवटपर्यंत बंद.

मी उठून ओजूच्या झोळीत हात घातला आणि तिचा श्वास बघितला. तेव्हापासून ती सवय लागलीय. दिवसातून पन्नास वेळा बघते.

मी राजदीपला व्हिडिओ कॉल केला. ऑफिसातलं सगळ्यात तोंडाळ पोरगं.

"काय मॅडम, भूत डेटा पाठवतंय? मग त्याला सांगा, पहूरच्या प्लँटचाही पाठव म्हणावं. तिथे तर जिवंत माणसं असून येत नाही."

"राजदीप, चेष्टा नको. कपाट उघड. एक बारा होतायत."

त्याने कपाट उघडलं. मशीन होतं. वायर नाही, काही नाही, मागची डिस्कची जागा रिकामी. माझ्या स्क्रीनवर २०.८ आला.

"मॅडम, हे तर मेलेलं..."

त्याने मशीनवर हात ठेवला आणि झटकन काढला.

"काय झालं?"

जळगावात त्या दिवशी चव्वेचाळीस डिग्री होतं, ऑफिसातला कूलर बंद पडलेला. राजदीपने तळहात कॅमेऱ्यासमोर धरला. हात ओला होता. मशीनच्या पत्र्यावर पाण्याचे थेंब साचले होते. शीतगृहातून आत्ताच बाहेर काढल्यासारखे...

"मॅडम, याला केळीचा वास येतोय," एवढं बोलून त्याने कपाट लावून घेतलं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "डिलीट कर. आणि बाळाकडे लक्ष दे जरा, झोप घे." मी डिलीट केलं. दुसऱ्या दिवशी एक बाराला पुन्हा आलं.

त्या आठवड्यात राजदीपने मला दोन गोष्टी सांगितल्या. माझं ते 'शेवटचा आकडा धरून ठेव' सरांनी सगळ्या एकवीस प्लँटना लावलं होतं. तक्रारी कमी झाल्या म्हणून. आणि खोली दोनवर आता नानांची मुलगी होती. ज्योती. शीतगृहाच्या मालकांनी माणुसकी म्हणून बापाच्या जागी पोरीला घेतलं.

त्याच खोलीवर. तसल्याच बोर्डसमोर.

मी सरांना तीनदा सांगितलं, ते काढा. तीनदा म्हणाले, बघतो. माझ्याकडून ते बदलायची परवानगी तेवढी काढून घेतली.

मग मी निघाले. आई दारात आडवी उभी राहिली. "मे महिन्याच्या उन्हात चार महिन्यांचं लेकरू घेऊन? डोकं फिरलं का तुझं? कोण लागते ती तुझी?"

ओजू अंगावर पिते, तिला सोडून जाता येत नव्हतं. सकाळची सहाची बस धरली. जळगाव, तिथून फैजपूर. प्लँटवर पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

ज्योती बाहेर आली. तेवीस-चोवीसची. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि तिच्या अंगात पुरुषी स्वेटर. नानांचाच असावा.

"मेघाताई ना? आवाजावरून ओळखलं." ती हसली. ओजूच्या गालाला हात लावला. "हीच का ती, फोनवर मागे कुरकुरते ती?"

मी विचारलं, "कुठल्या फोनवर?"

"रोजच्या."

"ज्योती, मी तुला कधी फोन केलेला नाही."

"काय ताई! रोज सव्वाएकच्या आत येतो की. नानांच्याच नंबरवर. तोच फोन वापरते मी." ती थोडी ओशाळली. "तुम्ही मला अजून नानाच म्हणता. मी कधी टोकलं नाही. म्हटलं, सवय असेल, वाईट वाटत असेल."

"काय म्हणते मी?"

"नाना, आत जाऊ नका. आकडा थांबलाय. एवढंच. मी बरं म्हणते, आणि दोन वाजेपर्यंत आत जात नाही."

तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. मेघाताई ऑफिस. काल, १.१२. परवा, १.१२. खाली खाली सरकवत गेलं तरी तेच. ती कामावर लागली त्या पहिल्या दिवसापर्यंत.

मी माझा फोन उघडला. त्यात एकही नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात एक अकरा झाले होते. खोली दोनचं दार बंद होतं. वर बोर्ड. २०.८. हिरवा.

मी ओजूला खांद्यावर घेतलं.

मग ज्योतीच्या हातातला फोन वाजला...

मेघाताई ऑफिस.

माझा फोन माझ्या हातात होता. स्क्रीन काळी.

ज्योतीने उचलला. स्पीकर लावला. आधी पंख्याचा आवाज आला. देवपुरातला आमचा पंखा, फिरताना टक टक करतो तो. झोळीच्या कड्यांची करकर आली. मग माझा आवाज. धापा टाकणारा.

"नाना, आत जाऊ नका. नाना, आकडा थांबलाय. नाना..."

मागे एक बाळ झोपेत कुरकुरलं. माझ्या खांद्यावर ओजूने मान उचलली आणि फोनकडे बघितलं.

कॉल कटला. ज्योतीने खिळ्याला अडकवलेलं ते मीटर काढलं. ते आता दुरुस्त होऊन आलं होतं, पण फोन येतो म्हणून तिने कधी वापरलंच नव्हतं. दाराची फट करून तिने ते आत धरलं.

सहा.

बोर्ड अजून हिरवाच.

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. सेटिंग, झोप, भरलेले आकडे, अहवाल. शेवटी तिने विचारलं, "म्हणजे त्या दिवशी बोर्ड लाल नव्हता?"

"नव्हता."

"आम्हाला सांगितलं लाल होता. आई अजून त्यांच्या फोटोला शिव्या देते. म्हणते, डोळे फुटले होते का तुमचे."

मी तिचा हात धरायला गेले. तिने हात मागे घेतला.

"माझ्यासाठी रोज फोन करता. त्यांना एक करायला काय झालं होतं?"

"बाळ झोपलं होतं."

"झोपलं होतं," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, "झोपलं होतं." आणि ओजूकडे बघत राहिली. मी नकळत पदराने ओजूला झाकलं.

मग तिने माझ्यासमोर माझा नंबर ब्लॉक केला. ते मीटर उचललं आणि बाहेर जाऊन सिमेंटच्या हौदात टाकलं.

"ज्योती, मला काय वाट्टेल ते बोल. पण त्या बोर्डवर विश्वास ठेवू नको."

"नाना बोर्ड बघून गेले ना? मीही बोर्ड बघूनच जाईन. तुमच्या आवाजावर मला जगायचं नाही. निघा आता. लेकराला ऊन लागेल."

हे मेच्या तिसऱ्या आठवड्यातलं. तेव्हापासून जुन्या खोली दोनचा डेटा बंद झालाय. राजदीप रोज बघायचा. मागच्या आठवड्यात त्याने नोकरी सोडली.

मी मालकांना फोन केला. त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, बाळंतपणानंतर तिचं डोकं ठिकाणावर नाही, आम्ही तिला कामावरून काढलंय. मालकांनी माझा फोन उचलणं बंद केलं. कामगार खात्याकडे लेखी तक्रार दिलीय, भरलेल्या आकड्यांसकट, माझ्या सहीने. माझं काय व्हायचं ते होवो. पण चौकशी होईल तेव्हा होईल.

इकडे एक नवीनच सुरू झालंय.

रोज दुपारी माझा फोन टेबलावर पडलेला असतो, मी हातही लावत नाही. दोन वाजता उघडून बघते... नानांच्या नंबरवर कॉल गेलेले असतात. १.१२, १.१३, १.१४. एका खाली एक, सत्तेचाळीस. प्रत्येकापुढे तेच. लागला नाही.

मागच्या सोमवारी राजदीपने ज्योतीला लावला होता. तिने उचलला, "ठीक आहे" म्हणाली आणि ठेवला. त्यानंतर कोणाचाच उचललेला नाही. मला जाता येत नाही, ओजूला ताप आहे आणि आई दाराला कुलूप लावून बसते.

फैजपूरहून सावद्याकडे जाताना डाव्या हाताला एक शीतगृह आहे. पिवळं शटर, बाहेर सिमेंटचा हौद. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूचं असेल तर दुपारी एकच्या सुमारास तिथे जा. ज्योती कुठे आहे, एवढं विचारा. माझं नाव घेऊ नका.

ती दाराच्या बाहेर आहे ना, एवढंच बघा आणि मला कळवा.